आग रामेश्वरी, बर्फ सोमेश्वरी

अमेरिकेत गाडीमागे जोडून ओढत न्यायचे ट्रेलर असतात, चाकांवरचं वन रूम किचनच म्हणा. त्यांतल्या जुन्या ट्रेलरांमधल्या फ्रिजच्या बुडाशी आग पेटवावी लागते. आग पेटली की वर बर्फ होतो. आमच्या असल्याच ट्रेलरमधला फ्रिज बंद पडल्यावर हे मी सांगलीला धाकट्या भावाला फोनवर समजावून सांगितलं, तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, दादाचं तिकडं काहीतरी बिनसलंय बघ."

फ्रिज बंद पडला की आपल्याकडे बोलण्याची एक ठरलेली वाट आहे. पहिला येणारा म्हणतो, गॅस गेला असणार. दुसरा मागे कान लावून सांगतो, कॉम्प्रेसर उचलत नाहीये. तिसऱ्याला रिलेचा संशय असतो. चौथा काहीएक न बघता म्हणतो, दुरुस्तीत पैसे घालू नका, नवाच घ्या. भाऊही त्याच वाटेने निघाला होता. "गॅस भरून घे की." म्हटलं, यातला गॅस असा भरता येत नाही. "मग कॉम्प्रेसर बघितलास का?" कॉम्प्रेसर नाहीच. "मोटर?" नाही. "पंखा तरी?" तोही नाही, यात हलणारी वस्तूच नाही एकही. तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "हलतच काही नाही, तर मग बिघडलं काय?"

प्रश्न बिनतोड होता.

या फ्रिजचा उद्योग मूळचा स्वीडनमधल्या दोन पोरांचा. बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स, स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी, दोघेही पंचविशीच्या आसपासचे. १९२२ मध्ये त्यांनी ज्योतीवर चालणारा, न धडधडणारा फ्रिज करून दाखवला. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने तो आपल्याकडे घेतला आणि पुढे इंडियाना राज्यातल्या एव्हन्सव्हिलला सर्व्हेल नावाच्या कंपनीने अमेरिकेसाठी असे फ्रिज बनवले. त्या काळात फ्रिजचा नाद भल्याभल्यांना लागला होता. बर्लिनमध्ये फ्रिजमधला विषारी वायू गळून एक कुटुंब गेल्याची बातमी आइन्स्टाइनने वाचली आणि लिओ झिलार्डला हाताशी धरून तोही न हलणाऱ्या फ्रिजच्या मागे लागला, असं सांगतात. १९३० मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंटही मिळालं. दुकानात मात्र तो फ्रिज कधी आला नाही. विश्वाचा पसारा उलगडणं वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या घरातलं दूध नासू न देणं वेगळं.

आता आत काय चालतं ते. पाठीवर नळ्यांचं एक जाळं असतं, त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कारखान्यातच भरून कायमचे बंद केलेले. खाली बोटभर निळी ज्योत. तिच्या आचेने अमोनिया पाण्यातून सुटतो आणि सुटता सुटता आपल्या बुडबुड्यांवर पाणीही चढवतो, उतू जायच्या बेतात आलेला चहा पातेल्याच्या कडेने चढतो तसा. वर गेल्यावर दोघांची फारकत होते. अमोनिया मागच्या पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये निवतो, द्रव होतो आणि फ्रिजच्या आतल्या अंगाला उतरतो. तिथे हायड्रोजन बसलेलाच असतो. तो काही करत नाही, नुसती जागा अडवतो. पण त्याने जागा अडवल्यामुळे अमोनियाच्या वाट्याला दाब कमी येतो आणि कमी दाबात त्याची भराभर वाफ होते. वाफ व्हायला लागणारी उष्णता तो आपल्या दह्यादुधातून ओढून घेतो. मग पाणी खाली घरंगळत येऊन अमोनियाला पोटात घेतं, हायड्रोजन हलका म्हणून पुन्हा वर निघून जातो आणि बाकीची मंडळी ज्योतीपाशी परत. काही न करता केवळ हजर राहून काम घडवून आणणारे हायड्रोजन मी नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यांच्यामुळे गारवा आलेला मात्र इथेच पाहिला.

पंप नाही, म्हणजे सगळा कारभार उतारावर. द्रव आपल्या वजनाने खाली येणार, तर नळ्यांचे ठरवून दिलेले उतार जागेवर हवेत. म्हणून हा फ्रिज चालू असताना ट्रेलर सरळ उभा पाहिजे; दोन-तीन अंशांपलीकडे कलंडलेला त्याला चालत नाही. रस्त्यावर हेलकावे बसत असतात तेव्हा तितकं बिघडत नाही, कारण द्रव एका जागी साचून राहत नाही. धोका थांबल्यावर. कॅम्पग्राउंडवर पोचलं की इतर लोक खुर्च्या मांडतात, आम्ही चाकाखाली फळ्या सरकवतो. गवंडी वापरतात ती लेव्हल फ्रीझरच्या तळावर ठेवून बायको आत बसते आणि खिडकीतून ओरडते, "अहो, बुडबुडा दाराकडे पळतोय!" शेजारच्या मोठ्या गाडीतल्या मंडळींना हे आमचं काही धार्मिक असावं असं वाटत असणार. त्या बुडबुड्याच्या नादाने आमच्या संसारात जेवढी आज्ञापालनं झाली तेवढी सप्तपदीच्या वचनांनीही झाली नसतील.

तिरका ठेवून चालवला तर काय होतं? द्रव मधल्या नळीतच साचतो, खालचा बॉयलर कोरडा पडतो आणि ज्योत तर चालूच असते. आतून गंज चढू नये म्हणून सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, ते भाजून निघतं आणि त्याचा थर नळीत बसतो. एका दिवसाच्या तिरकेपणाने फ्रिज मरत नाही. नुकसान साठत जातं, आणि साठलेलं परत फेडता येत नाही. आमच्या आधीच्या मालकाने हा ट्रेलर घराशेजारच्या उतरत्या हिरवळीवर कित्येक उन्हाळे उभा ठेवला होता. फ्रिज चालू, बिअरसाठी. भावाच्या प्रश्नाचं उत्तर त्या हिरवळीत होतं.

पण हे कळायच्या आधी मी बर्नरवर संशय घेतला. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला प्लास्टिकची झडप असते, ती काढली की फ्रिजची पाठ आणि ज्योतीची जागा दिसते. धुराड्यात चांगलं वाळलेलं मातीचं घर. कुंभारीण! सांगलीच्या वाड्यात देवळीत, खुंटीवर, एकदा तर वडिलांच्या छत्रीच्या मुठीत घर करणारी ही बाई इथे ओहायोतही तोच धंदा करते हे पाहून मला क्षणभर बरंच वाटलं. बर्नरच्या बारीक भोकांवर कोळ्याचं जाळंही होतं. प्रोपेनला वास यावा म्हणून जे रसायन घालतात त्याची कोळ्यांना ओढ असते, असं इथले जुने जाणते लोक सांगतात. मी माती खरवडली, ब्रश फिरवला, गंजाचे पापुद्रे झटकले, ज्योत पेटती आहे हे ओळखून गॅसची वाट उघडी ठेवणारी थर्मोकपलची कांडी पुसून जागेवर बसवली. ज्योत निळी, सरळ, आवाज नाही. देखणी. रात्रभर जळली. सकाळी फ्रिजमधलं ताक कोमट होतं.

दुसऱ्यांदा झडप काढली तेव्हा आधी नाकाने सांगितलं. अमोनियाचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. बॉयलरभोवतीचं पत्र्याचं आवरण जरा सरकवलं, तर आतल्या लोकरीवर आणि नळीच्या जोडावर पिवळी भुकटी. हळदीच्या रंगाची, पण हात लावायची सोय नाही. ते बाहेर आलेलं सोडियम क्रोमेट, विषारी. ही भुकटी दिसली म्हणजे आतलं सगळं बाहेर गेलं. नळी नुसती तुंबली असती तर एक गावठी इलाज आहे: फ्रिज उपसून काही तास उलटा ठेवायचा, मग आडवा, मग सरळ. कधीकधी तो खरंच सुरू होतो. गळती लागलेल्याला मात्र शीर्षासनाचा उपयोग नसतो.

इथून पुढे हिशोब. याच जातीचा नवा फ्रिज घ्यावा तर त्याची किंमत जवळजवळ आमच्या ट्रेलरएवढी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. घरचा साधा विजेचा फ्रिज बसवावा तर जिथे वीज तिथेच मुक्काम. तिसरा मार्ग आजकाल सगळे धरतात तो: बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरवाला. शेजारच्या आजोबांनी आपल्या ट्रेलरमध्ये तोच घेतला. खरं सांगायचं तर तो फ्रिज गुणी आहे. तिरका ठेवा, उभा ठेवा, तासाभरात गार. कसल्याच अटी नाहीत. पण फ्रिज आला म्हणून आजोबांना मोठी बॅटरी घ्यावी लागली, बॅटरी आली म्हणून छपरावर सौर पॅनेल आलं, पॅनेल आलं म्हणून छपराला भोकं पडली आणि पहिल्या मोठ्या पावसात ती भोकं त्यांच्या गादीवर उतरली. आमच्या ज्योतीला सुमारे नऊ किलोचा एक सिलिंडर दोनेक आठवडे पुरत असे आणि तिने छपराकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. माझा कल त्या ज्योतीकडे होता, तो हिशोबातून आलेला नव्हता, आणि बायकोला ते माझ्या आधी कळलं होतं.

उरला चौथा मार्ग. फ्रिजची पेटी तीच ठेवायची आणि पाठीवरचं नळ्यांचं जाळं, ज्याला कूलिंग युनिट म्हणतात, तेवढं नवं बसवायचं. हे काम उत्तम कोण करतं असं विचारत गेलं की उत्तर येतं, आमिश. इंडियानाच्या उत्तरेला एल्खार्ट आणि लग्रेंज परगण्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. धर्माज्ञेप्रमाणे हे लोक घरात तारेवरची वीज घेत नाहीत, मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून हिंडतात. आणि एल्खार्ट ही तर अमेरिकेतल्या ट्रेलर बनवण्याच्या धंद्याची राजधानी. तेव्हा सकाळी सायकल मारत कारखान्यात जायचं, स्वतः कधी चालवणार नाही त्या गाडीला जोडायचा ट्रेलर दिवसभर ठोकायचा आणि संध्याकाळी सायकलवरून घरी, असा अनेक आमिश पुरुषांचा दिनक्रम आहे. घरी त्यांचा फ्रिज गॅसवरचा. त्यामुळे जगाने जे तंत्र अडगळीत टाकलं ते यांच्या स्वयंपाकघरात रोजच्या वापरात राहिलं, आणि रोज वापरातली वस्तू दुरुस्त करणारा माणूसही त्याबरोबर राहिला.

आम्ही ट्रेलर घेऊन शिप्शेवानाच्या बाजूला गेलो. शेताच्या कडेला शेड, दारात बग्गी, आत दाबलेल्या हवेवर चालणारी हत्यारं. गवताची हॅट घातलेल्या दाढीवाल्या गृहस्थांनी मॉडेल विचारलं नाही, साल विचारलं नाही. झडप काढून वास घेतला, पिवळ्या भुकटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा कुठे उभा असायचा?" उतारावर, असं सांगितल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. आमच्या गावातल्या वैद्यांनी नाडी बघून "रात्री जागता का?" विचारावं, त्याच स्वरातला प्रश्न.

त्यांनी आणि त्यांच्या पोराने फ्रिज उपसून घोंगडीवर पालथा घातला. जुनं जाळं सुटं करून बाजूला ठेवलं. आतल्या पत्र्यावर राखाडी लेप थापला, कारण नव्या नळ्या आणि पत्रा यांच्यात हवेची फट राहिली तर गारवा फटीतच अडतो. मग दोघांनी दोन बाजूंनी नवं युनिट असं उतरवलं की स्क्रूच्या भोकांसमोर भोकं. पोर बारा-तेरा वर्षांचं असेल. लेप कुठे कमी पडलाय हे त्याने बापाच्या आधी दाखवलं. पैसे देताना मी विचारलं, किती दिवस चालेल? ते म्हणाले, "तुमच्या जमिनीवर आहे."

हा फ्रिज गार व्हायला अख्खी रात्र घेतो, म्हणजे उद्या निघायचं तर आज पेटवायचा. दार उघडून आत काय काय आहे ते बघत उभं राहणं हा आपल्या लोकांचा आवडता विरंगुळा, तो इथे बंद. बायकोने आतल्या वस्तूंची यादी दारावर बाहेरून चिकटवली आहे: ताक, लिंबं, ओल्या फडक्यातली कोथिंबीर, कालचं वरण (गार झाल्यावरच). खालच्या कोपऱ्यात मुलीने लिहिलंय, "आइसक्रीम नाही, विचारू नये."

शेजारच्या आजोबांचा जुना फ्रिज तेवढा त्यांच्या अंगणात पडून होता. तो गावाच्या कचरा डेपोत न्यायला मी हात लावला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "फ्रिऑन काढल्याचा दाखला?" आजोबा म्हणाले, यात फ्रिऑन नसतो, अमोनिया असतो. "मग अमोनिया काढल्याचा?" तो आपणच गळून गेला. बाईंनी फॉर्म उलटसुलट पाहिला. त्यात दोनच चौकोन होते, काढला आणि काढायचा आहे. मुळात नव्हताच याला चौकोन नव्हता. मी आजोबांना म्हटलं, आमच्याकडे पेन्शनीला हयातीचा दाखला लागतो, त्यात निदान प्रश्न सोपा असतो. बाईंनी शेवटी फ्रिऑन काढण्याची फी लावली, "काढला" वर खूण केली आणि शिक्का मारून पावती आजोबांच्या हातात दिली.