पहिला नंबर कोकणचा

दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला, ही आता बातमी राहिलेली नाही; ते पंचांग झाले आहे. २०२५ मध्ये कोकण ९८.८२ टक्के, तळाला नागपूर ९०.७८. कोकणातल्या मंडणगडात पेढे ठरलेलेच.

आता हा विभाग म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे. शर्यत मात्र लाखांनी परीक्षार्थी बसवणाऱ्या मुंबईशी!

शिवाय टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांचीच. अमेरिकेत नववीत आलेल्यांपैकी चार वर्षांत किती जणांनी शाळा पूर्ण केली, हे मोजतात. आपल्याकडे आठवी-नववीतच गळालेला पोरगा कुठल्याच विभागाचा निकाल बिघडवत नाही. बिचारा त्याला हातभारच लावतो.

आणि पास झालेले? त्यांतले कितीतरी मंडणगड डेपोतून मुंबईची एसटी धरतात. मंडळाच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नाही.