कारकुनाचे कूळ शोधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे जुन्यांनी सांगून ठेवले आहे. कारकुनाचे कूळ त्यांनी या यादीत घातलेले नाही. ही पळवाट ध्यानात घेऊन, एकोणिसाव्या शतकात निजामाच्या सरकारात, एदलाबादकडच्या, म्हणजे आजच्या आदिलाबादकडच्या, एखाद्या कचेरीत बोरू झिजवलेल्या कारकुनाच्या वंशजांसाठी हे मार्गदर्शन. मूळ सूत्र एकच: पूर्वजांचे पराक्रम शोधू नका, भांडणे शोधा. कारकुनाने जन्मभर दुसऱ्यांची शेते, दुसऱ्यांचा सारा आणि दुसऱ्यांची थकबाकी लिहिली. स्वतःच्या घरातली माणसे लिहिणे हे काही सरकारी काम नव्हते. ती कागदावर आली, ती कोणाला तरी काही तरी मिळायचे होते तेव्हाच.

पहिले काम म्हणजे घरातली आख्यायिका नीट ऐकून घ्यावी आणि तिच्यातून बढत्या वजा कराव्यात. कारकून मेल्यानंतर दर पिढीला एक पायरी चढतो: मुलाच्या तोंडी पेशकार, नातवाच्या तोंडी तहसीलदार आणि पणतूच्या लग्नात थेट निजामाचा दिवाण. पहिले सालारजंग 1853 पासून 1883 पर्यंत दिवाण होते. त्या तीस वर्षांत ती जागा रिकामी नव्हती, हे वडीलधाऱ्यांना नम्रपणे सांगावे. आडनावाची साक्षही बेतानेच घ्यावी. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा, फडणीस म्हणजे फडाचा हिशेब ठेवणारा. ही हुद्द्यांची नावे आहेत. एक हुद्दा सांभाळणारी सगळी घराणी एकाच रक्ताची असती, तर आज सगळे पाटील एका पंगतीला बसले असते.

मग स्थळ आणि काळ. पूर्वज बहुधा जागचे हलले नाहीत, जिल्हे हलले. त्या काळी हा मुलूख सिरपूर-तांडूर म्हणून ओळखला जाई. स्वतंत्र आदिलाबाद जिल्हा झाला तो 1905 साली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके इथून निघाले, नांदेडकडचा मुधोळ इकडे आला, आणि 2016 मध्ये उरलेल्याचे चार जिल्हे झाले. म्हणजे आज्याचे गाव एका राज्यात आणि त्याची कचेरी दुसऱ्या राज्यात, हे संशयास्पद नसून नेहमीचे आहे. काळाचा घोळ याहून दांडगा. कागदावर 1290 दिसले, तर ते फसली, म्हणजे महसुली साल मानून 590 मिळवावेत; 1880 च्या आसपासचे साल निघते. तेच हिजरी धरले तर 1873 येते आणि मुलगा बापाआधी नोकरीला लागतो. शके समजून 78 मिळवले तर निघते 1368, आणि आपला गरीब कारकून बहमनी सुलतानाच्या चाकरीत रुजू होतो. उत्साही वंशशोधकांना हे तिसरे उत्तर फार आवडते.

आता खरा पुरावा. सालारजंगांनी देशमुख-देशपांड्यांकडून वसुली काढून घेतली आणि भरपाईदाखल रुसूम, म्हणजे रोख नेमणूक, बांधून दिला. रुसूम वंशपरंपरेने मिळायचा, म्हणून धनी वारला की वारस कोण हा प्रश्न उभा राही, आणि त्याच्या चौकशीत सरकार वंशावळ मागे. इनाम-रुसुमाच्या निवाड्याचा जो मुंतखब निघे, तो म्हणूनच सोन्याच्या मोलाचा. हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात जुने दप्तर मुख्यतः फारसीत आहे, पुढचे उर्दूत. घरच्या पेटीतले मराठी मोडीत. म्हणजे तीन भाषा आणि मोडी जाणणारा माणूस हवा, किंवा तीन माणसे आणि भरपूर चहा. कारकुनाला वतन नसेल तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी पाहावी. तिथे मात्र बदलीचे गाव नव्हे, मूळ गाव सांगावे लागते. एदलाबाद म्हणून विचारले तर उपाध्याय दुसऱ्याच कोणाचे पूर्वज काढून देतील.

यावर आक्षेप येईल की, मग सलोख्याने नांदलेल्या घरांना पूर्वजच नव्हते काय? होते, पण वाटणीवरून कोणी कचेरीत गेले नाही, म्हणून उरले ते पुरुषांचे नाव आणि दक्षिणेची नोंद. भांडखोर घरात याउलट विधवा उभी राहते, दत्तक उभा राहतो, सावत्र भाऊ हरकत घेतो, आणि वंशावळीत एरवी जागा नसलेल्या बायका नावानिशी दिसतात. दुसरा आक्षेप आधुनिक आहे: थुंकीची डीएनए चाचणी असताना ही कागदपत्रे कशाला? कारण चाचणी रक्त सांगते, घर सांगत नाही. दत्तक मुलाने रुसूम घेतला, श्राद्धे घातली, कर्ज फेडले; चाचणी त्याला परका ठरवील, मुंतखब वारस ठरवतो. कुटुंब कशाला म्हणायचे याची समज चाचणी आणि मुंतखब लिहिणारा कारकून या दोघांपैकी कारकुनालाच अधिक होती.

तेव्हा वंशवृक्ष चौकटीत लावण्यापूर्वी प्रत्येक नावासमोर ते कुठल्या कागदावरून घेतले ते लिहावे. जिथे नुसती आख्यायिका आहे, तिथे तसे लिहावे. आणि आपल्या पिढीत वाटणी सामोपचाराने झाली असेल, तर निदान तिचा कागद करून ठेवावा, मुलींच्या नावांसकट. पुढच्यांना शोधायला भांडण मिळणार नाही, याची तेवढी भरपाई आपण देणे लागतो.