सोलरवाल्या साहेबांना सा. न. वि. वि.

श्री. रा. रा. सोलरवाले साहेब यांसी,

आपली पांढरी गाडी आमच्या जठारपेठेतल्या गल्लीत शिरली आणि आमचं भाग्य फळफळलं. पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटी, तूर, सोयाबीन पेरून आम्ही काळ्या मातीचा जो अपमान चालवला होता, तो आपण चहा संपायच्या आत थांबवलात. वावरात पाऊल न टाकता "जमीन पडीकच हाय" हे ओळखलंत. कृषी विद्यापीठ आमच्याच शहरात, पण एवढी दिव्य दृष्टी तिथंही नसावी.

सोलरच्या पॅनेलसाठी मागितलेल्या जमिनीच्या भाड्याबाबत तर आपण आम्हाला मोहापासून वाचवलंत. 2023 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये आणि दरसाल 3 टक्के वाढ लिहिली आहे. आपण आकडा उतरवून सांगितलात, अन् वाढीचा कागद "मागाहून जोडू" म्हणालात. सही मात्र आजच हवी. केवढी ही तळमळ!

मग मी अडाण्यानं विचारलं, पॅनेलचा ढाचा उंच घ्या, रांगांत अंतर सोडा, खाली पीक घेतो. आपण हसून म्हणालात, "दादा, असं कुठं असते काय?"

आता 1981 साली गेट्झबर्गर आणि झास्ट्रो या दोन जर्मनांनी, पॅनेलखाली बटाटे पिकवता येतील, असं लिहून ठेवलं, हा त्यांचा आगाऊपणा. 2019 च्या पीएम-कुसुम योजनेनं, लागवडीच्या जमिनीवर पॅनेल खांबांवर उंच लावावेत, शेतीला बाधा येऊ नये, असं म्हटलं, तो सरकारचा. परभणीच्या कृषी विद्यापीठात असा प्रयोग उभा राहिला, तो मराठवाड्याचा. आपल्या कानांना यातलं काही शिवू नये, हे नवलच.

उंच ढाच्याला लोखंड जास्त, वाराही जास्त झोंबतो, म्हणून खर्च वाढतो. एवढं बोलला असता तर आम्ही हिशेबाला बसलो असतो. पऱ्हाटीला सावली सोसत नाही, हेही आम्हाला कळते. पण खर्चाचं नाव न घेता आपण पिकालाच नालायक ठरवलंत, ही आपली नजाकत.

उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की आम्ही सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, विकतची हिरवी नेट बांधतो. आपली सावली फुकटची, आणि तिच्याखाली आपण तणनाशक मारणार! काचा धुवायला पाणी आमच्या विहिरीचं. करारात त्याचा दर शोधून डोळे दुखले, तेवढा व्यायाम झाला.

कुंपण मात्र झकास. रोही येणार नाही, रानडुक्कर येणार नाही, मालकही येणार नाही.

रविवारी अवश्य या. पॅनेलची खालची कड जमिनीपासून किती फुटांवर, ते कागदावर लिहून आणा. ते जमत नसेल तर पॅनेलखालून डवरा कसा हाणायचा, ते स्वतः हाणून दाखवा. बैलजोडी आमची.

आपला कृपाभिलाषी,
एक सातबाराधारक,
जठारपेठ, अकोला