ओळ कोणी मोडली?

दिवाळी अंकाचं काम श्रावणात सुरू होतं. बाहेर ऊन-पावसाची लगबग असते आणि आत संगणकावर एकेक लेख येऊन पडत असतो. कोणी ईमेलने पाठवतं, कोणी व्हॉट्सॲपवर, कोणी पीडीएफमधून उचलून जसाच्या तसा चिकटवतं. फाइल उघडली की मजकुराच्या आधी माझी नजर पानाच्या उजव्या कडेकडे जाते. बहुतेक लेखांच्या ओळी कडेपर्यंत निवांत जातात आणि आपल्या आपण खाली वळतात. काही लेख मात्र पानाच्या मध्यावरच अडखळतात. वाक्य ऐन रंगात आलेलं असतं आणि ‘आणि’पाशीच ओळ तुटते, उरलेलं वाक्य खालच्या ओळीवर एकटं उभं राहतं, शेजारी अर्धं पान कोरं. लेख असतो गद्य, दिसतो नवकवितेसारखा. ‘नगरपालिकेने यंदा’ एका ओळीत, ‘गटारं साफ केली’ दुसऱ्या ओळीत आणि ‘नाहीत’ तिसरीत एकटं, असं वाचलं की गटारांच्या त्या तक्रारीत युगायुगांची व्यथा असल्याचा भास होतो. दोन पानं अशी वाचली की आपणही उगाच गंभीर होऊन खिडकीबाहेर बघायला लागतो.

मग मी न दिसणाऱ्या खुणा दाखवणारं बटण दाबतो. वर्डमध्ये ते वरच्या पट्टीतच असतं. पाठमोऱ्या इंग्रजी पीसारखं, दोन पायांवर उभं राहिलेलं चिन्ह. ते दाबलं की इतका वेळ कोरी वाटणारी जागा एकदम गजबजते. जिथे जिथे एंटर दाबलेला असतो तिथे तिथे हा पाठमोरा पी उभा दिसतो, पाणी ओसरलेल्या खाचरात बगळे उभे असावेत तसा. कुठे कुठे त्याच्याऐवजी कोपऱ्यात वळलेला छोटा बाण असतो. तो शिफ्ट धरून एंटर दाबल्याचा. पी म्हणजे परिच्छेद संपला, बाण म्हणजे फक्त ओळ मोडली, परिच्छेद चालू आहे. हा बाण जास्त लबाड. मजकूर दोन्ही कडांना सारखा ताणून बसवला की बाणाने तोडलेली ओळही ताणली जाते. ‘तेव्हा आई’ एवढेच दोन शब्द ओळीत असले तर ‘तेव्हा’ डावीकडच्या टोकाला आणि ‘आई’ उजवीकडच्या टोकाला, मधे माळरान.

एवढ्या ओळी मोडतं कोण? पीडीएफचं एक कळतं. ती १९९३ साली आली ती पान जसंच्या तसं दिसावं म्हणून. कोणतं अक्षर पानावर कुठे ठेवायचं हे तिला पक्कं ठाऊक असतं. वाक्य कुठे सुरू झालं, परिच्छेद कुठे संपला, याची विचारपूस ती सहसा करत नाही. तिच्यातून मजकूर उचलला की छापील ओळीचं प्रत्येक टोक आपल्याबरोबर एक तोड घेऊन येतं. ईमेलचंही तसंच. ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस ईमेलच्या नियमांत आहे, कारण जुन्या पडद्यांवर एका ओळीत ८० अक्षरं मावत. आणि पडद्यांनी हा ८० चा आकडा घेतला तो पंचकार्डांकडून. आयबीएमने १९२८ साली ८० रकान्यांचं कार्ड काढलं होतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पुठ्ठ्याच्या एका तुकड्याची रुंदी कोणीतरी ठरवली आणि त्याचा शेवटचा धक्का श्रावणातल्या एका दुपारी, कोकणातल्या भातलावणीवरच्या लेखाला बसला.

पण सगळा दोष यंत्राचा नाही. आमचे एक जुने लेखक आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. सरकारी कचेरीत मुख्य लिपिक होते. टायपिंगची मराठी ३० ची आणि इंग्रजी ४० ची परीक्षा पास झालेल्या पिढीतले. त्यांचा लेख आला की पाठमोऱ्या पींची रांगच लागते, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक. एकदा मी फोनवर म्हटलं, “नाना, ओळ संपली की ती आपोआप खाली जाते हो. तुम्ही फक्त परिच्छेद संपला की एंटर दाबा.” पलीकडे क्षणभर शांतता. मग नाना म्हणाले, “आपोआप जाते म्हणजे? कोण नेतं तिला?” मी म्हटलं, “संगणक नेतो.” “मग ती ओळ त्याची झाली,” नाना म्हणाले, “माझी कुठे राहिली?” यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

नानांची बाजू समजून घ्यायची तर टाइपरायटरपाशी जावं लागतं. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर बाजारात आणला आणि पुढची कित्येक वर्षं कोर्टाबाहेर, तहसील कचेरीबाहेर, झाडाखालच्या टेबलांवर त्याचा खडखडाट चालू राहिला. उजवी कड जवळ आली की यंत्रात एक छोटी घंटी वाजायची. घंटी म्हणजे इशारा: अजून चार-सहा अक्षरं आहेत, हातातला शब्द मावतो का बघा. मावत असेल तर तो पुरा करायचा, नसेल तर तिथेच थांबायचं, आणि डाव्या हाताने दांडा ओढून गाडी परत आणायची. ओढता ओढता कागद एक ओळ वर सरकायचा. कचेरीत अशा दहा-बारा घंट्या दिवसभर आळीपाळीने वाजत असायच्या. इतकी वर्षं प्रत्येक ओळीचा निकाल स्वतः दिलेल्या माणसाला, ‘आता तुम्ही बसा, ओळीचं आम्ही बघतो’ असं सांगायचं म्हणजे अधिकार काढून घेतल्यासारखंच. संगणकात घंटी नाही, पण नानांना ती ऐकू येते. कड जवळ आली की त्यांचं बोट एंटरवर जातं.

आणि गंमत अशी की संगणकालाही ती परत येणारी गाडी विसरता आलेली नाही. टेलिप्रिंटरवर नवी ओळ घ्यायची म्हणजे दोन कामं असत: छापणारं डोकं डावीकडे आणायचं आणि कागद वर सरकवायचा. सेकंदाला १० अक्षरं छापणाऱ्या यंत्रातसुद्धा उजव्या टोकाचं डोकं एका अक्षराच्या अवधीत डावीकडे पोचत नसे. म्हणून दोन वेगळ्या खुणा पाठवायच्या. दुसरी येईतो पहिलीचं काम आटोपे. १९६३ साली अक्षरांचे आकडे ठरले तेव्हा परत येण्याला १३ मिळाला आणि खाली जाण्याला १०. पुढे छापणारं डोकं गेलं, कागद गेला, पण हे दोन आकडे राहिले. विंडोजने दोन्ही ठेवले, युनिक्सने फक्त १० ठेवला, जुन्या मॅकने फक्त १३. तीन भावांनी वडिलार्जित वाडा वाटून घेतला आणि जिन्यावरून बोलणं बंद केलं, तसा हा प्रकार. युनिक्सवर लिहिलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली की सगळ्या ओळी एकाच ओळीत सलग धावत सुटायच्या. नोटपॅडला ही भाऊबंदकी मिटवायला २०१८ साल उजाडावं लागलं.

मोडलेल्या ओळी सरळ करायला मात्र फार विद्या लागत नाही, क्रम लागतो. कंट्रोल आणि एच दाबलं की ‘शोधा आणि बदला’ची खिडकी उघडते. तिथे परिच्छेदाची खूण लिहायची म्हणजे डोक्यावर छोटी टोपी घातलेला पी; ओळमोडीची खूण म्हणजे तशीच टोपी घातलेला एल. घाईने सगळे पी काढून त्या जागी मोकळी जागा ठेवली तर लेखाचा एकच अखंड परिच्छेद होतो, आजीच्या जन्मापासून लेखकाच्या सेवानिवृत्तीपर्यंत, मधे श्वास न घेता. म्हणून आधी जिथे दोन पी लागोपाठ आहेत, म्हणजे जिथे परिच्छेद खरोखर संपलाय, तिथे तीन चांदण्या ठेवायच्या. मग उरलेले एकटे पी आणि एल उडवून जागा भरायची. शेवटी चांदण्या काढून तिथे पी परत आणायचा. जाता जाता दोन मोकळ्या जागांची एक करायची. ओळीच्या टोकाला तुटलेल्या शब्दांतली आडवी रेघ मात्र एकगठ्ठा काढायची नाही, ती हाताने बघायची. नाहीतर ‘महा-राष्ट्र’ जुळतो खरा, पण त्याच झटक्यात ‘येणं-जाणं’ आणि ‘चार-पाच’ यांच्यामधलं अंतरही मिटतं. हे सगळं आटोपलं की लेख डोळ्यांदेखत पसरतो, कडेपर्यंत पोचतो. गटारांची व्यथा जाऊन साधी तक्रार उरते. नगरपालिकेसाठी तेवढी पुरते.

खरी पंचाईत लेखात कविता असली की होते. पी तो पी. तो घाईत पडलाय की मनापासून, हे यंत्राला कळत नाही. वारीवरच्या लेखात मधेच अभंग येतो आणि ‘सगळे बदला’ म्हटलं की तोही गद्याच्या ओळीत जाऊन बसतो. पण अभंगाचं फारसं काही बिघडत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला नवल वाटलं. सलग झालेल्या मजकुरातही डोळा दंडापाशी थांबतो, कान यमकापाशी थांबतो. ओवीचंही तेच. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तिचा श्वास कुठे संपतो ते सांगायला कोऱ्या जागेची गरजच नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे शतकानुशतकं पोथ्यांच्या नकला झाल्या त्या अशाच. लांबट पानावर मजकूर या कडेपासून त्या कडेपर्यंत, ओवी संपली की दंड आणि आकडा, आणि लगेच पुढची ओवी. ओळ कागद संपला म्हणून मोडायची, ओवी मात्र आपल्या जागीच संपायची. मोडीचा कारभार तर याहून अखंड: आधी वर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम ही मंडळी एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने मराठीत रुळली. त्याआधी वाचणाऱ्याला आपला आपणच थांबा शोधावा लागे, आणि तो सापडत असे.

मुक्तछंदाला हा आधार नाही. त्याची सगळी मिळकत त्या पाठमोऱ्या पीमध्ये. एकदा का त्या ओळी एकमेकींत मिसळल्या की कविता कुठली आणि तिच्या आधीचं निवेदन कुठलं हे ओळखता येत नाही. शेवटी कवीला फोन करावा लागतो. कवी आपली कविता फोनवर वाचतो आणि प्रत्येक ओळीनंतर “खाली” म्हणतो. “पाऊस थांबला, खाली, आणि तुझी छत्री, खाली, कोपऱ्यात ठिबकत राहिली.” मग थोडं थांबून, “नाही, ‘ठिबकत’च्या आधी पण खाली घ्या.” ही शेवटची दुरुस्ती तो तिथल्या तिथे करत असतो, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते.

नानांच्या फाइलींत मात्र मला एक वेगळीच गोष्ट दिसली. त्यांच्या जुन्या लेखांतल्या ओळी बारा-तेरा शब्दांच्या असत. मग त्या नऊ-दहावर आल्या. अलीकडे ओळीत पाच शब्द, फार तर सहा. मला वाटलं, नाना आखूड वाक्यांकडे वळले. वयानुसार माणूस कमी बोलायला लागतो म्हणतात. तसं काही नव्हतं, वाक्यं पूर्वीइतकीच ऐसपैस होती. मग अक्षराचा आकार पाहिला. जुने लेख १२ च्या टाइपात होते, नंतरचे १६ च्या, आताचे २४ च्या. डोळे अधू होत गेले तसतशी नाना अक्षरं मोठी करत गेले आणि पडद्याची कड त्यांच्याजवळ सरकत आली. कड आली की घंटी, घंटी वाजली की एंटर. लेखात कुठेही त्यांनी डोळ्यांबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही. विषय नेहमीचेच: नदीचा जुना घाट, कचेरीतला पंखा, बायकोच्या हातची अळूवडी. डोळ्यांचा हिशेब तेवढा मोडलेल्या ओळींनी ठेवला होता.

मी त्या ओळी सरळ करतो, कराव्याच लागतात. छापील पानाची रुंदी लेखकाच्या नजरेवर ठरत नाही. पण साफ करण्याआधी मूळ फाइलीची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. प्रत ठेवावी हा तसा कुठल्याही साफसफाईचा पहिला नियम. नानांच्या बाबतीत मी तो जरा जास्त मनापासून पाळतो.

तेव्हा अंकासाठी लिहिणाऱ्या सर्वांना हात जोडून विनंती: लेख लिहिताना ओळ पानाला मोडू द्या, परिच्छेद तुम्ही मोडा. कविता असेल तर ती वेगळ्या फाइलीत पाठवा आणि सोबत फोन नंबर द्या. पीडीएफमधून काही उचललं असेल तर तसं कळवा, आम्ही रागावणार नाही. नानांना मात्र यातली एकही अट लागू नाही.