भाऊंचं पेटंट

अहो काकू, ऐकलंत का? जरा इकडे सरका, भिंतींना कान असतात. आपले गाळेवाले भाऊ हो, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचं पॉलिश करतात ते... पेटंट घ्यायला निघालेत! आधी भांडं ॲसिडमध्ये बुडवायचं, मग करंट सोडून चकचकीत करायचं, सगळं एकाच लाइनीत. आता या दोन्ही गोष्टी त्या गल्लीत कोणाला ठाऊक नाहीत? मी गप्प बसले. पण वहिनींच्या वकील भाच्यानं चहा पिता पिता ती मिर्झापूरची केस काढली, आणि भाऊंचा चेहरा असा पडला म्हणता!

तर काय सांगत होते... हां, मिर्झापूर. तिथे पूर्वी भांडं लेथवर लाखेनं चिकटवून खरवडायचे. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजनं लाख काढून टाकली, भांडं अडॅप्टर आणि टोकदार टेलस्टॉक यांच्यामध्ये दाबून धरलं, आणि १९५१ पासूनचं पेटंट मिळवलं. गावातल्याच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम यांच्याशी जुंपली. अलाहाबादला एका जज्जानं पेटंट रद्द केलं, दोन जज्जांनी अपिलात ते पुन्हा जिवंत केलं. शेवटी १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सरकारियांनी कायमचं निकालात काढलं. म्हणे, दोन्ही भाग जुनेच, ही तर वर्कशॉपमधली किरकोळ सुधारणा, कोणाही जाणत्या कारागिराच्या आवाक्यातली. आणि गंमत बघा, तोवर पेटंटची मुदत केव्हाच उलटलेली! भांडत बसले नुसते.

भाऊ लगेच उसळले, "एवढं सोपं होतं तर आजवर कोणी केलं का नाही?" मला पटलं हो ते. समोर आल्यावर सगळ्यांनाच सोपं वाटतं. पण भाचा कसला ऐकतोय! म्हणाला, ज्यानं तुमचं पेटंट पाहिलेलंच नाही अशा कारागिरासमोर अडचण ठेवायची, त्याला हेच सुचलं तर संपलं. दोन जुन्या गोष्टी जोडल्यावर काहीतरी नवं निघायला हवं. "काय निघतं?" म्हणून त्यानं विचारलं, तर भाऊ म्हणाले, "चकाकी." वहिनींनी पदर तोंडाला लावला!

आणि ऐका ना, मंजुरीआधी कोणीही आक्षेप घेऊ शकतं म्हणे. समोरच्या गाळ्यातले शेठ कालच अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसचा पत्ता विचारत होते... मी सांगितलं म्हणून बोलू नका हं.