पहिल्यापासून

आमच्या दाजींनी 2020 च्या लॉकडाउनमध्ये पायथन शिकायला घेतलं, आणि आजमितीला त्यांचा पहिला धडा पूर्ण झालेला आहे. अकरा वेळा. असा एक जण तुमच्याही नात्यात असणारच. नसला तर आमचे घेऊन जा. न्हावऱ्याचं गाडीभाडं मी देतो.

थोडा दोष कोर्सचाही आहे. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे. फुकट, मराठीतून, एकेक जेमतेम दहा मिनिटांचा. आपापल्या सवडीनं शिकायचं. आता ऊसवाल्याला कसली सवड? शेतीची लाइट कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रपाळी आली की दाजी मोटर चालू करून बांधावर बसतात आणि मोबाइलवर धडा लावतात. चौथ्या मिनिटाला सरी भरते. उठायचं, दारं मोडायचं, पुढच्या सरीला पाणी द्यायचं, उसात काही खसपसलं तर बॅटरी मारून बिबट्या नाही ना बघायचं. परत आल्यावर माणूस पाचवं मिनिट बघेल. दाजी नाही. “पाव्हणं, पाया कच्चा राहतो. पहिल्यापासून घ्यायचं.”

स्वभावच तो. एकदा आम्ही चौफुल्याला निघालो होतो. पारगावच्या अलीकडे त्यांना आठवलं, की निघताना देवाला नमस्कार राहिला. गाडी वळवली. न्हावऱ्यात येऊन नमस्कार केला आणि पुन्हा निघालो. वाटेत निम्मी सांगून झालेली चुलत्याच्या वाटणीची गोष्टसुद्धा पुन्हा पहिल्यापासून.

“उसात बिबट्या होता तेवढा पुरला नाही, ह्यांनी घरात अजगर आणला,” असं अक्का म्हणते. मी तिला सांगितलं, की पायथन हे नाव सापावरून नाही, ‘मॉंटी पायथन’ नावाच्या इंग्रजी विनोदी मंडळींवरून ठेवलंय. “मग बरोबर आहे,” ती म्हणाली, “विनोदच चाललाय.”

पहिल्याच प्रोग्रॅमनं जगाला ‘हॅलो’ म्हणायची चाल 1978 साली कर्निगन आणि रिची यांच्या ‘सी’वरच्या पुस्तकानं रूढ केली. दाजींना ती पटली नाही. जगाशी आपली ओळख ना पाळख. ते प्रिंटच्या कंसात ‘राम राम, न्हावरे’ असं लिहितात. अकरा वेळा लिहून झालं. गावानं अजून उत्तर दिलेलं नाही.

मी मात्र असलाच एक कोर्स तीन दिवसांत संपवला. दुप्पट वेगानं, शेंगा सोलता सोलता. प्रमाणपत्र आहे. लॅमिनेट केलंय.

म्हणून तर दिवाळीत भाचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. उसाच्या दहा खेपांची वजनं एकामागून एक छापून येत होती, बेरीज मात्र शेवटच्या खेपेएवढीच. “मामा, लूपमध्ये काय चुकलं?” मी चष्मा पुसला. लूप म्हटल्यावर मला फक्त शिकवणाऱ्याचा दुप्पट वेगातला चिरका आवाज आठवत होता.

दाजी चिखलाचे पाय धुऊन आत आले आणि टॉवेलला हात पुसत वाकून बघू लागले. “बेरजेची ओळ बांधाबाहेर पडलीय की. पाणी दहाही सऱ्यांना दिलंस आणि खताची पाटी शेवटच्या सरीत रिकामी केलीस. ओळ चार घरं आत घे.”

भाच्यानं घेतली. बेरीज आली.

“दाजी, तुम्ही तर पहिल्या धड्यावर!”

“पुढचे बघून ठेवलेत हो. अडलं की परत फिरतो.”

मग त्यांनी कोनाड्यातली वही काढून दाखवली. दोनशे पानी, कोपऱ्यांना चिखल लागलेली. बांधावर थांबवून थांबवून उतरवून घेतलेली प्रत्येक ओळ. सकाळी ती लॅपटॉपवर टाइप करायची, चालली की मुद्दाम बिघडवायची आणि मशीन काय ओरडतं ते समोर लिहून ठेवायचं. ‘नेम एरर : हाक मारली, त्या नावाचं कोणी नाही.’ ‘इंडेक्स एरर : सऱ्या दहा, हा अकरावी मागतोय.’ ‘इंडेंटेशन एरर : बांध चुकला.’ अशी पानंच्या पानं. माझ्या कोर्सची वही नाही. वहीची गरज पडली नव्हती.

माणूस वैतागवाडी आहे, हे माझं मत कायम आहे. पण रात्री भांडी आवरताना अक्का सहज बोलून गेली, “डिप्लोमाचं दुसरं वर्ष निम्मं झालं होतं ह्यांचं. मामंजी अंथरुणाला खिळले, तेव्हा आले निघून. नंतर दोनदा कॉलेजात विचारून आले. तिथं नाही बसू देत पहिल्यापासून.”

तिनं पातेलं उपडं घातलं.

साडेअकराला लाइट आली. मळ्याकडून मोटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं अंधारातून बारीकसा बाईचा आवाज. त्याच बाई. बाराव्यांदा दाजींचं स्वागत करत होत्या.