पावणेदोन इंचांची उन्नती

टायरच्या बाजूवर कोरलेला मजकूर तीन माणसांनी एकमेकांशी न बोलता लिहिला असावा. १५५/६५ आर १३. यातले १५५ हे मिलिमीटर, म्हणजे टायरची रुंदी. ६५ हे टक्के. रुंदीच्या ६५ टक्के एवढी रबराची उंची. आर म्हणजे रेडियल. आणि शेवटचे १३ हे चक्क इंच, रिमचा व्यास. मिलिमीटर, टक्के आणि इंच एका ओळीत इतक्या गुण्यागोविंदाने दुसरीकडे कुठे नांदत असतील असं वाटत नाही.

माझ्या मेहुण्याच्या जुन्या इकोला कंपनीने हेच टायर दिले होते. मेहुणा डहाणूचा. त्याची गाडी सकाळी चिकूचे खोके वाहते, दुपारी वऱ्हाड वाहते, आणि दोन्ही वेळा तिचं पोट गतिरोधकाला घासतं. आपल्याकडचा गतिरोधक किती उंच असावा याचे सरकारी नियम आहेत, पण तो बांधणाऱ्याला त्या दिवशी किती डांबर उरलं यावरच सगळं ठरतं. तेव्हा मेहुण्याने १७५/७० आर १३ बसवून घेतले. रिम तीच, रबर वाढलं. जुनं चाक ५३२ मिलिमीटर उंच होतं, नवं ५७५.

‘‘पावणेदोन इंच उंच झाली गाडी, भावजी,’’ तो म्हणाला.

चाक पावणेदोन इंच वाढलं हे खरं, पण गाडी उचलली गेली त्याच्या निम्मीच. कारण वाढीतला अर्धा भाग आसाच्या वर जातो आणि त्याचा गतिरोधकाशी काही संबंध येत नाही. हे मी त्याला सांगितलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी असं बोलू नये.

उद्घाटन म्हणजे डहाणूहून निघून महालक्ष्मीला नारळ फोडायचा, आणि तिथून तलासरीला मावशीकडे जेवायला जायचं. गाडीत आम्ही सात माणसं, शिवाय मावशीसाठी चिकूची पाटी. निघण्याआधी सासूबाई चढताना थांबल्या. पायरीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘‘गाडीला टायर लावलेस ते कळलं. माझ्या गुडघ्यांचं काय?’’ वाढलेली ती पाऊण-एक इंच उंची सगळ्यात आधी त्यांनी मोजली, आणि तीही बिनचूक.

गल्लीतून वळताना पुढून ‘खर्र’ असा आवाज आला. स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं की टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासत होता. मेहुणा म्हणाला, ‘‘नवीन आहे. बसेल हळूहळू.’’ टायर बसत नसतो. मडगार्ड झिजत असतं. शिवाय या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. दोन सेंटिमीटरने रुंद झालेलं रबर उभ्या गाडीत वळवायचं म्हणजे दंडाचं काम. स्टेशनजवळच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत त्याने दोनदा घाम पुसला आणि दोन्ही वेळा ‘‘ग्रिप बघा!’’ म्हणाला.

आशागड मागे पडल्यावर चढाला गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये एक दीर्घ सुस्कारा सोडला. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त रस्ता कापला जातो, आणि तेवढंच जास्त ओझं इंजिनावर पडतं. गिअर सगळे कंपनीने जुन्या चाकाच्या हिशोबाने दिलेले. कोणाला न विचारता ते सगळे आठ टक्क्यांनी लांबले होते. जिथे दुसरा चालायचा तिथे पहिला टाकावा लागला. मेहुणीने मागून विचारलं, ‘‘उतरू का आम्ही?’’ उत्तर आलं नाही. ब्रेकही तेच जुने. मोठ्या चाकाला थांबवायला त्यांना जास्त जोर लागतो, हे उतारावर माझ्या उजव्या पायाला कळलं. ब्रेक माझ्या बाजूला नव्हता, तरी मी तो दाबतच होतो.

चारोटीला महामार्ग लागला आणि गाडी एकदम खूश झाली. सपाट रस्त्यावर लांब गिअर बरे वाटतात. इंजिन कमी ओरडतं. मी मोबाइलवर वेग पाहिला. मीटरवर ६०, मोबाइलवरही जवळपास ६०.

‘‘पूर्वी मोबाइल ५६ दाखवायचा,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘मोठ्या टायरने मीटर सुधारलं!’’

आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. गाडी बनवणारे वेगाचा काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायची त्याला मुभाच नसते. कंपनीची थाप एका दिशेची, मेहुण्याच्या टायरची दुसऱ्या दिशेची. दोन्ही एकमेकींत जिरल्या आणि काटा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलू लागला. किलोमीटरच्या आकड्यांना मात्र अशी सवलत नसते. ते आधीपासून बऱ्यापैकी प्रामाणिक असतात. ते आता १०० म्हणतील तेव्हा गाडी १०८ धावलेली असेल. आणि मेहुण्याचं भाडं किलोमीटरवर. म्हणजे दर शंभरामागे आठ किलोमीटर तो गिऱ्हाइकाला सप्रेम भेट देणार होता, वर घरी येऊन ॲव्हरेज पडला म्हणून पेट्रोलपंपावर संशय घेणार होता. हा हिशोब मी मांडला तेव्हा गाडीत बराच वेळ फक्त टायरचा आवाज होता.

विवळवेढ्याला महालक्ष्मीसमोर नारळ फुटला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. रुंद टायरखाली ती जास्त समाधानाने चिरडली गेली, असं मेहुण्याचं म्हणणं.

पुढे सत्तरच्या आसपास गाडी थरथरू लागली. धुंदलवाडी जवळ आलं होतं. सासूबाईंनी सीट घट्ट धरली. ‘‘हादरा!’’ आता या गावाजवळ कोणी हादरा म्हटलं तर हसू नये. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे इतके धक्के बसले की माणसं थंडीत घराबाहेर तंबूत झोपली. फेब्रुवारी २०१९मधला एक ४.१ तीव्रतेचा होता. मेहुण्याने वेग कमी केला. हादरा थांबला. वाढवला, पुन्हा सुरू. ज्याचा वेग ॲक्सिलरेटरवर ठरतो असा भूकंप नसतो. टायरवाल्याकडे बॅलन्सिंगचे पैसे वाचवले होते. रिमला शिशाचे तुकडे लावून घेतले असते तर जमीन शांत राहिली असती.

दापचरीचा तपासणी नाका दिसताच मेहुणा ताठ बसला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही, हे त्याला कोणीतरी नेमकं त्याच सकाळी सांगितलं होतं. तिथे ट्रकांची रांग होती. आमच्या टायरकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सुटल्याचा आनंद त्याला झालाच, पण इतके रुबाबदार टायर कोणाच्या नजरेत भरू नयेत याचं दुःख जास्त दिसलं.

तलासरीत मावशीचं घर हाकेवर असताना मागचं डावं चाक बसलं. धारदार दगडाने टायरच्या बाजूला चिरा गेला होता. पंक्चरवाले चाचा वाकून म्हणाले, ‘‘साइड कट आहे. पंक्चर निघणार नाही. स्टेपनी काढा.’’

गाडीखालून स्टेपनी निघाली. १५५/६५ आर १३.

चाचांनी ती नव्या टायरशेजारी उभी केली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी समजावलं: या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. मागे एक लहान, एक मोठं लावलं तर सरळ रस्त्यावरही दोन्ही चाकं वेगवेगळे फेरे मारतील आणि मधलं डिफरन्शियल दिवसभर त्यांची भांडणं सोडवत तापत राहील. तेव्हा पुढचं मोठं चाक मागे घ्या, लहान पुढे लावा, आणि सावकाश जा.

जेवून आम्ही बोर्डीमार्गे परतलो. गाडी पुढून डावीकडे कलली होती आणि डावीकडेच ओढत होती. घोलवडच्या भागात रस्त्याला लागून चिकूच्या वाड्या; २०१६ साली इथल्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. ते बहुधा इकोला कळलं असावं, कारण प्रत्येक वाडीत शिरायचा तिचा आग्रह होता. तोल साधावा म्हणून मेहुण्याने सगळ्यांना उजवीकडे सरकायला सांगितलं. सासूबाई हलल्या नाहीत.

वाटेत त्याने टायरवाल्याला फोन लावला. एकच नको, जोडीने घ्या, तिकडून सल्ला आला. एका आसावर सारखे हवेत. एक उरेल तो स्टेपनीला.

‘‘पण हा मोठा टायर खालच्या जाळीत बसणार नाही म्हणाले ना चाचा?’’ मेहुणीने विचारलं.

‘‘आत ठेवू. मागच्या सीटवर.’’

‘‘म्हणजे यापुढे तो माझ्या शेजारी बसणार?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘बसू दे. पण खिडकी माझी.’’